बोटाने हलेल इतपत घट्ट

मी, खाली सही करणारी, वय पंचाहत्तरीच्या पुढे, धंदा मोटार चालवायला शिकवणे, राहणार फ्रेमच्या दुकानावरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. कोणी दटावलेले नाही आणि कोणी गोड बोलून भरीसही घातलेले नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे आणि शेवटी ते सहीही करणार आहेत. त्यांना गाडी मीच शिकवली असल्यामुळे माझ्या बुद्धीबद्दल त्यांना शंका नाही. त्यांच्या बुद्धीबद्दल माझी खात्री पटायला मात्र वेळ लागला, कारण सुरुवातीला ते ब्रेक समजून क्लच दाबत असत.

हृदयाची गोष्ट वेगळी आहे. ते आता प्रत्येक जिन्याला धापा टाकते. डॉक्टर म्हणाले, ‘काकू, आता मागचं सगळं आवरून ठेवा.’ तेव्हा वकिलांनी मसुदा करून दिला. तो चांगला होता, पण त्यात माझे घर माझे वाटेना आणि माझी माणसे माझी वाटेनात. म्हणून त्यातले ‘स्थावर व जंगम’ एवढे दोन शब्द ठेवून बाकीचे मी माझ्या हाताने लिहीत आहे. यापूर्वीही मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात गाडी मुलाला दिली होती. ते रद्द समजावे. का, ते पुढे येईल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच पैशाअडक्याची वाट पाहू नये. हे मृत्युपत्र मालमत्तेसाठी कमी आणि एका माणसाच्या सकाळसाठी जास्त आहे. तो माणूस म्हणजे माझे यजमान. पुढे मी त्यांना ‘हे’ म्हणेन, लग्नापासून म्हणत आले तसेच. मी गेल्यावर यांची सकाळ कशी उजाडेल, याचाच मला घोर आहे. दुपार आणि संध्याकाळ यांची यांना घालवता येते.

कलम पहिले. घर. खालचे दुकान आणि वरच्या दोन खोल्या आम्हा दोघांच्या नावावर आहेत. माझा हिस्सा यांच्या तहहयात वहिवाटीत राहील. यांच्यामागे तो मुलगा आणि मुलगी यांना सारखा मिळावा. हे आहेत तोवर घर विकू नये, भाड्याने देऊ नये आणि दुकानाची पाटी उतरवू नये. मुलाच्या मनात यांना आपल्याकडे कायमचे न्यायचे आहे. त्याची काळजी खोटी नाही. यांना कमी ऐकू येते, जिना उभा आहे आणि हट्टीपणात यांचा हात कोणी धरणार नाही. तेव्हा असे करावे: रात्रीचे जेवण मुलाकडे, झोपायचे कुठेही, पण सकाळी हे दुकानाच्या दारात हवेत. मुलाचे घर दोन गल्ल्या सोडून आहे, सातासमुद्रापार नाही.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक यांना. ती किती आहे हे लिहीत नाही, लिहिण्यासारखी नाही.

कलम तिसरे. माझे शिलाई मशीन मी माझ्या धाकट्या जाऊबाईंना देते. ते त्यांच्याकडेच आहे. त्यांच्या मुलीच्या बारशाच्या आधी ‘चार दिवसांत परत देते’ म्हणून नेले होते, आणि ती मुलगी आता स्वतः आई झाली. मी मागितले की मशीनला तेल घालायचे असायचे किंवा पट्टा तुटलेला असायचा. आता मशीन रीतसर त्यांचे झाले. यापुढे मला बघून त्यांनी कपाटाआड व्हायची गरज नाही, आणि तशीही मी दिसणार नाही.

कलम चौथे. समोरच्या घरातले गुरुजी. मी पहिल्यांदा गाडी काढली तेव्हा त्यांनी गल्लीतली सगळी मुले हाका मारून घरात घेतली होती. ‘बाई गाडी चालवतेय, आत या रे,’ असे ओरडले होते. पुढे त्यांच्या दोन्ही मुली आणि एक जावई माझ्याकडेच शिकले. जावई अजून रिव्हर्समध्ये कच्चा आहे. गुरुजींना माझी गाडीतली उशी द्यावी. मी बुटकी असल्यामुळे ती सीटवर ठेवून मी आयुष्यभर गाडी चालवली. त्यांनी ती ओट्यावरच्या खुर्चीत घालून बसावे. राग नाही. त्यांची कंबर दुखते हे मला माहीत आहे.

कलम पाचवे. पान्ह्यांची पेटी, जॅक आणि गाडीचे जपून ठेवलेले जुने सुटे भाग हे आमच्या मेकॅनिकला. त्याला सारे नटबोल्ट म्हणतात आणि तोही त्याच नावाला ओ देतो. त्याला साक्षीदार व्हायचे होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही. नटबोल्टने डोके खाजवले आणि म्हणाला, ‘मग काकू, पेटीच द्या.’ माणूस सरळ आहे.

कलम सहावे. गाडी. हे कलम लांबणार आहे. वाचून दाखवणाऱ्याने आधी पाणी पिऊन घ्यावे.

गाडी माझ्या वडिलांची. फिकट पिवळी, गोल नाकाची, बाहेरून मोठी आणि आतून बेताची. वडिलांना मुलगा असता तर गाडी त्याला मिळाली असती. नव्हता, म्हणून मला मिळाली, आणि त्याबद्दल मी जन्मात न झालेल्या त्या भावाची आभारी आहे. या गाडीवर मी अर्ध्या गावाला शिकवले. गियर कसा बदलावा हे पुढचे. आधी आरसा बघायचा, मग क्लच, मग देवाचे नाव, असा माझा क्रम होता. जो आरसा न बघता निघे त्याला मी उतरवून घरी पायी पाठवीत असे.

दिव्याखाली अंधार म्हणतात तसे, यांना मात्र गाडी येत नाही. यांना ती शिकायचीच नव्हती. यांचा धंदा फोटोंच्या फ्रेमा करण्याचा. काच कापायची, लाकडाच्या पट्ट्या जोडायच्या, आणि गिऱ्हाइकाने सांगितले तर घरी जाऊन भिंतीवर टांगूनही द्यायचे. त्यामुळे वाकडी वस्तू यांना बघवत नाही. कोणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी आधी भिंतीवरचे फोटो सरळ करतात, मग बसतात. एकदा एका घरी आम्ही सांत्वनाला गेलो होतो, तिथेही यांनी गेलेल्या माणसाचा फोटो सरळ केला आणि मग डोळे पुसले.

गाडी दुकानासमोर पत्र्याखाली उभी असते, माझी बाजू दुकानाकडे करून. रोज सकाळी हे तिला फडक्याने पुसतात. पुसून झाले की माझ्या दारावरच्या बाहेरच्या आरशाला हात घालून तो सरळ करतात. आता आरसा हा चालवणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असतो. तो नेमका बसला की बाहेर उभ्या असलेल्या माणसाला वाकडाच दिसणार. आणि बाहेरच्याला सरळ दिसला, की आत बसलेलीला मागचा रस्ता सोडून समोरच्या गुरुजींचे वाळत घातलेले धोतर दिसणार. लग्नानंतर पहिले वर्षभर आम्ही यावरून भांडलो.

‘अहो, आरशाला हात लावू नका.’

‘वाकडा होता तो.’

‘तो तसाच लागतो.’

‘वाकडी वस्तू तशीच कशी लागेल? काहीतरीच तुझं!’

पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी नाद सोडला. हे आरसा फिरवायचे, मी सीटवर उशी टाकून बसायची, काच खाली करायची, हात बाहेर काढून आरसा परत जागेवर आणायची आणि निघायची. असे रोज, ऊन असो की पाऊस. हात बाहेर काढताना माझ्या बांगड्या दाराच्या कडेला घासायच्या. तिथला रंग जाऊन खालचा पत्रा दिसू लागला. मी त्याकडे कधी लक्ष दिले नाही.

मागे माझे हृदय पहिल्यांदा बिघडले आणि मला दवाखान्यात ठेवले. तेव्हा डबा घेऊन यायला सून हीच गाडी काढायची. सुनेलाही गाडी मीच शिकवली, ती या घरात आली त्याच वर्षी. त्या दिवसांत यांनी दुकान एकदाही बंद ठेवले नाही. जाऊबाईंनी दवाखान्यात येऊन मला मुद्दाम सांगितले, ‘बायको इथं सलाइनवर, आणि भाऊजींचं दुकान चालू!’ मी हसून सोडून दिले. पण मनात कुठेतरी टोचले, हे इथे लिहून ठेवते. घरी आल्यावर हे मला म्हणाले, ‘सून हात चांगला काढते हं.’ मला वाटले, हे वळताना हात दाखवण्याबद्दल बोलताहेत. मी म्हटले, ‘काढणारच, शिकवलंय कोणी!’

असे होता होता रोजच्या ओढाताणीने आरसा सैल झाला. खड्डा आला की तो मान टाकायचा आणि मला माझ्याच गाडीचे दार दाखवायचा. मी तशीच चालवत होते. मान लांबवून, वाकून बघायचे, सवय होती.

मग मुलाने जुन्या गाड्यांचे एक शौकीन घरी आणले. चांगले गृहस्थ होते. हात मागे बांधून गाडीभोवती फिरले, वाकून खाली पाहिले, बॉनेटवर टिचकी मारली.

‘आजी, गाडी ठेवलीय झकास. पण आरसा लुळा पडलाय. आणि हे दारावर काय खरवडलंय?’

‘बांगड्या.’

‘बांगड्या?’

‘हात बाहेर काढते ना रोज.’

त्यांना काही कळले नाही. म्हणाले, गाडी घेऊन जातो, सगळा रंग नवा देतो, आणि मग ती एका मोठ्या हॉलमध्ये, काचेमागे, ऊनवारा न लागता राहील. मी म्हटले, ‘ऊनवारा न लागता राहायला ती काय लोणचं आहे? चहा घ्या.’ चहा घेऊन ते गेले.

मुलगा मात्र थांबला. ‘आई, तू या वयात ही गाडी चालवतेस हेच मुळात मला पटत नाही. चालवायचीच तर निदान आरसा तरी नीट करून घे. मागून कोणी धडकलं म्हणजे?’

दुसऱ्या दिवशी त्यानेच नटबोल्टला पाठवले. पोराच्या पोटात माया आहे, ती पान्ह्यातून बाहेर पडते. बापावर गेला आहे.

आरसा बसवणे हे एकट्याचे काम नाही. एकाने आत बसून सांगायचे, दुसऱ्याने बाहेर उभे राहून ऐकायचे. मी आत बसले. हे फडके खांद्यावर टाकून दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. नटबोल्टने आरशाभोवतीची कडी काढली, काच काढून माझ्या मांडीवर दिली आणि आतली गोळी बाहेर काढली. आरसा ज्या गोळीवर फिरतो ती. ती त्याने उजेडात धरली.

‘काकू, ही एकाच बाजूनं झिजलीय बघा. कोणी रोज चाळा करतं का आरशाशी?’

मी दुसरीकडे पाहिले. हेही दुसरीकडे पाहत होते.

नटबोल्टने माझ्या सुट्या भागांतून दुसरी गोळी शोधून घातली, नवी स्प्रिंग घातली. ‘बोला काकू.’

‘थोडा बाहेर. अजून. आता खाली... फार झालं, वर घे. बस, बस!’

त्याने पेच आवळला आणि आरशाला लोंबकळल्यासारखे करून दाखवले. ‘आता हत्ती बसला तरी हलायचा नाही.’

‘वाकडा बसवलास,’ हे पायरीवरून म्हणाले.

‘काका, आत बसून बघा की.’

हे आत बसले नाहीत. फडके झटकून दुकानात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा एक विद्यार्थी होता, बँकेत कारकून आहे. त्याला घ्यायला मी निघाले. आरसा जिथल्या तिथे, मागचा रस्ता स्वच्छ. मला फार बरे वाटले. काच खाली करावी लागली नाही. गाडी सुरू केली आणि गेले. कारकुनाला शिकवून दुपारच्या आधी परत आले तर दुकानाचे दार अर्धवट उघडे. आत हे स्टुलावर बसलेले. समोर एका लग्नाच्या फोटोची फ्रेम, तीन बाजू जोडलेल्या आणि चौथी पट्टी हातात. डिंक भांड्यातच वाळून गेला होता.

‘अहो, बरं वाटत नाही का?’

‘बरंय.’

‘मग दुकान का नाही उघडलं?’

हे माझ्याकडे बघेनात. पट्टीवरची न दिसणारी धूळ पुसत राहिले. मला वाटले, ऐकू आले नाही, म्हणून मी परत मोठ्याने विचारले.

‘ओरडू नकोस. ऐकलं मी.’ मग म्हणाले, ‘आज हात नाही काढलास.’

‘कसला हात?’

‘खिडकीतून. रोज काढतेस तो.’

‘अहो, तो आरसा नीट करायला काढते. तुम्ही वाकडा करून ठेवता म्हणून! आज घट्ट होता, नाही काढावा लागला.’

‘ते माहितेय मला.’

‘काय माहितेय?’

तेव्हा हे चिडले. माझ्यावर हे क्वचित चिडतात. ‘मला काय कळत नाही होय, आरसा कोणासाठी असतो ते? भिंतीवर आरसा टांगायचा तरी मी आधी विचारतो, घरात बघणार कोण, उंची किती. फ्रेमवाला आहे मी! पहिल्या वर्षी नव्हतं कळलं. तू भांडलीस, मग एकदा तू बाहेर गेलीस तेव्हा आत बसून बघितलं. कळलं.’

‘मग रोज का फिरवता?’

‘नाही फिरवला तर तू काच खाली करतेस का? तू एकदा आत बसलीस की तुला दिसतो तो रस्ता. मागे वळून बघणारी बाई नव्हेस तू.’ आणि मग अगदी हळू म्हणाले, ‘हात दिसला की मला वाटतं, गेली. मग मी दुकान उघडतो. आज तू गेली आहेस की नाही, हेच मला ठरवता येईना.’

मी आयुष्यभर जगाला सांगत आले की आरशात बघा, मागे कोण आहे ते बघा. आणि माझ्या मागे दुकानाच्या दारात रोज एक माणूस उभा होता, तो मला दिसला नाही. मी तिथेच लाकडाच्या भुशात बसले आणि रडले. यांनी मला रडू दिले. मग चौथी पट्टी जोडायला घेतली. मला माहीत होते की डिंक वाळला आहे. यांनाही माहीत होते.

दवाखान्याच्या दिवसांत दुकान रोज का उघडत होते, ते मला त्या भुशात बसल्यावर उमगले. सून रोज डबा घेऊन निघायची. हे आरसा फिरवायचे. ती काच खाली करून हात काढायची. तिने यांना एका शब्दाने विचारले नाही, एकदा ‘बाबा, हात नका लावू’ म्हटले नाही. पहिल्या दिवसापासून नाही. मला त्यासाठी एक वर्षाचे भांडण लागले होते.

नटबोल्टला मी परत बोलावले.

‘काकू, काल आवळला, आज ढिला करू? लोक मला वेड्यात काढतील.’

‘लोकांना मी बघते. तू ढिला कर.’

‘किती?’

‘बोटाने हलला पाहिजे. खड्ड्याने हलता कामा नये.’

त्याने कपाळाला हात लावला. पण कामाला लागला. स्प्रिंग मऊ घातली तर आरसा पुन्हा मान टाकी, कडक घातली तर बोटाने हलेना. शेवटी यांनी आत जाऊन आपला जुना कमरेचा पट्टा आणला आणि कात्रीसकट त्याच्या हातात दिला. नटबोल्टने त्या चामड्याचा गोल वायसर कापून गोळीखाली बसवला. यांनी दोन बोटांनी आरसा फिरवून पाहिला. फिरला. मग मी गाडी काढून बाजारामागच्या खड्ड्याखड्ड्यांतून नेऊन आणली. हलला नाही. परत आले तेव्हा हे पायरीवर उभे होते. मी काच खाली करून हात बाहेर काढला. आरसा जागेवरच होता, तरी काढला.

तेव्हा या कलमाचा निकाल असा: ही गाडी, तिच्या कागदपत्रांसह, मी माझ्या सुनेला देते. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. तो गाडी सांभाळेल यात शंका नाही. तो ती इतकी नीट सांभाळेल की आरसा घट्ट करून टाकेल, हीच मला भीती आहे. सून सध्या औषधांच्या दुकानात कामाला बसने जाते. तिने सकाळी चालत इकडे यावे, इथून गाडी घेऊन कामावर जावे आणि संध्याकाळी परत इथेच लावावी. मी तिला आधी विचारले आहे. न विचारता कोणाच्या गळ्यात मृत्यूनंतर काही बांधणे मला पटत नाही.

मी म्हटले, ‘बघ, रोज वाकडी वाट करावी लागेल. बाबांसाठी. जमेल का? नाही म्हटलंस तरी मी रागावणार नाही.’

सून म्हणाली, ‘जमेल आई. फक्त बाबांना एक सांगा. ते आरसा फार आत फिरवतात, माझा हात पुरत नाही. सीटवरून अर्धं उठावं लागतं.’

म्हणजे हिलाही सगळे ठाऊक होते. या घरात मला सोडून कोणाला ठाऊक नव्हते, तेच आता शोधायला हवे.

म्हणून या कलमाला जोडून तीन गोष्टी. सुनेचा हात माझ्याहून आखूड आहे, यांनी आरसा बेताने फिरवावा. दारावर बांगड्यांनी गेलेला रंग भरून काढू नये. आणि चामड्याचा वायसर झिजला की नटबोल्टने त्याच पट्ट्यातून दुसरा कापावा. पट्टा बराच मोठा आहे. यांचे पोट तेव्हा मोठे होते.

कलम सातवे. माझ्या बांगड्या मुलीला. त्यांतली उजव्या हातातली एक, जिला दाराने चरे पडले आहेत, ती मात्र सुनेला. मुलीने रुसू नये. पोरी, तू गाडीच्या परीक्षेत नापास झालीस तेव्हा मी तुला सांगितले होते की सगळ्यांना गाडी आलीच पाहिजे असे काही नाही. तुझी नजर कागदावर पक्की आहे. म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी मी तुझ्याकडे देते. कोणी आरसा घट्ट करू लागला तर हा कागद त्याच्यासमोर धरायचा, मग तो तुझा भाऊ का असेना.

कलम आठवे, शेवटचे. हे यांच्यासाठी आहे. मुलीने यांना मोठ्याने वाचून दाखवावे, पण फार मोठ्याने नको. यांना जेवढे वाटते तेवढे कमी ऐकू येत नाही.

अहो, मी गेल्यावर लोक येतील. येऊ द्या. माझा फोटो तुम्हीच फ्रेम कराल आणि सरळ टांगाल, त्याबद्दल मला काळजी नाही. चार लोक म्हणतील, आता दुकान कशाला, गाडी कशाला. त्यांना चहा द्या. मग ज्या सकाळी उठावेसे वाटेल त्या सकाळी, आणि वाटले नाही तरी फार दिवस न लावता, खाली या. फडके पायरीखालच्या खिळ्याला आहे. गाडी पुसा. आरसा फिरवा, बेताने. सून येईल, आत बसेल, काच खाली करेल. हात बाहेर निघेल. तो माझा नसेल, एवढे तुम्ही चालवून घ्या. तो दिसला की समजा, मी गेले. मग दुकान उघडा.

वर लिहिलेले सर्व मी शुद्धीवर असताना लिहिले आहे. खाली माझी सही आहे. ती उजवीकडे कलली आहे, कारण टेबल खिडकीशी आहे आणि मी लिहिता लिहिता खाली बघत होते. कोणी ती सरळ करायला जाऊ नये. मी बसले आहे तिथून ती बरोबर आहे.

सही: गाडी शिकवणाऱ्या बाई

साक्षीदार पहिले: डॉक्टर. सही करताना म्हणाले, ‘काकू, ते क्लचचं खोडा.’ खोडलेले नाही.

साक्षीदार दुसरे: शेजारचा शिंपी. याला काही मिळणार नाही, म्हणून याची साक्ष चालते. त्याने कलम तिसरे दोनदा वाचले आणि म्हणाला, ते मशीन त्याच्याकडेच दुरुस्तीला आले आहे.

ठिकाण: दुकानावरची खोली, खिडकीजवळचे टेबल.

दिनांक: आजचा, सोमवार, सकाळ. खाली यांचे पुसून झाले आहे. आरसाही फिरवला आहे, बेताने. मला आता निघायला हवे.